मोठी माणसं गेल्यावर

शहरातल्या मोकळ्या रस्त्यावरून पोलिसांची गाडी येते. गाडीत पोलीस नाहीत. रंग फासलेल्या त्या गाडीवर तोंडं रंगवलेली पोरं बसली आहेत, लोंबकळताहेत, आरोळ्या ठोकताहेत. कडेला दडलेली दुसरी पोरं श्वास रोखून ती पुढे जाण्याची वाट बघताहेत. फुटपाथवर कचरा साचलाय, दुकानांच्या काचा फुटल्यात. एकही मोठं माणूस दिसत नाही. २६० भाग संपेपर्यंत जवळजवळ दिसणारही नाही.

‘द ट्राइब’ ही मालिका अशी सुरू होते. रेमंड थॉम्प्सन आणि हॅरी डफिन यांनी ती रचली, क्लाउड नाइन या कंपनीनं न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनच्या परिसरात तिचं चित्रीकरण केलं, आणि ब्रिटनच्या चॅनेल फाइव्हवर २४ एप्रिल १९९९ला ती सुरू झाली. ५२ भागांचं एक पर्व, अशी पाच पर्वं. सप्टेंबर २००३मध्ये ती थांबली. कथासूत्र एका वाक्यात मावतं: एका विषाणूनं जगातली सगळी मोठी माणसं मारली, मुलं मागे राहिली. विषाणू कसा पसरला, सरकारांनी काय केलं, किती दिवसांत काय झालं, याचा तपशील सुरुवातीला जवळजवळ मिळतच नाही. साथ येऊन गेलेली आहे. आपण पोचतो तेव्हा मुलांचं रडून झालंय आणि त्यांना भूक लागलीय.

ही मालिका ज्यांच्यासाठी केली त्या वयाचा मी नाही, हे आधीच सांगून टाकतो. टाळेबंदीत घरात अडकलेल्या बारा वर्षांच्या भाचीबरोबर मी ती मोबाइलवर पाहायला लागलो. ती तिसऱ्या दिवशी कंटाळून उठली, मी बसून राहिलो. उठण्याआधी तिनं एक प्रश्न विचारला होता: ‘‘मामा, यांच्याकडे कुणाकडेच फोन कसा नाही?’’ बरोबर आहे. ही १९९९ची मुलं आहेत. निरोप द्यायचा तर त्यांना शहर ओलांडून चालत जावं लागतं, आणि वाटेत दुसऱ्या टोळीचा इलाखा लागतो. कथेची निम्मी भीती या चालत जाण्यात आहे.

‘टोळी’ हा शब्दही थोडा विचार करून वापरतो आहे. ‘ट्राइब’ला आपल्याकडे ‘जमात’ हा सरळ शब्द आहे. पण त्यामागे पिढ्यान् पिढ्यांची भाषा, देव, नाती, जमिनीवरचा हक्क असं सगळं येतं. या पोरांकडे त्यातलं काही नाही. त्यांची मंडळी काल जमली, आज एकसारखा रंग तोंडाला फासून एक झाली आणि उद्या फुटू शकते. म्हणून पुढच्या पानांत सगळीकडे टोळी. लोको, डीमन डॉग्ज, चोझन, टेक्नो अशा कितीतरी टोळ्या येतात आणि जातात. आपली मुख्य मंडळी मात्र एका ओसाड मॉलमध्ये राहतात आणि स्वतःला ‘मॉल रॅट्स’ म्हणवतात. कामाशिवाय मॉलमध्ये रेंगाळणाऱ्या पोरांना इंग्रजीत असं म्हणतात, त्यामुळे तिकडच्या प्रेक्षकाला त्यात गंमत वाटत असेल. मराठी माणसाला साथ आणि उंदीर हे दोन शब्द शेजारी आले की गंमत वाटत नाही. १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघड झाला, आणि तिथून पुढे कितीतरी वर्षं ‘घरात उंदीर पडला’ हे वाक्य आपल्या खेड्यापाड्यांत गाव सोडण्याचा हुकूम होतं. लोक माळावर झोपड्या घालून राहायचे आणि गाव रिकामं पडायचं. इथे उलट झालंय. माणसं गेली आणि उंदीर राहायला आले. त्या मॉलचं नाव फिनिक्स आहे. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात उभा राहिलेला मॉल ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे नाव ऐकताना आणखी एक उसासा सुटेल. पण तो योगायोग, त्यावर इमारत बांधू नये.

अशा कथा नव्या नाहीत. टीव्हीवरचं ठळक नाव घ्यायचं तर बीबीसीची १९७५ ते १९७७ची ‘सर्व्हायव्हर्स’. लिहिणारे टेरी नेशन, ‘डॉक्टर हू’मधल्या डॅलेकांचे जनक. तिच्या पहिल्याच भागात अ‍ॅबी ग्रँट ही आई आपल्या मुलाला शोधायला त्याच्या निवासी शाळेत जाते. मुलगा सापडत नाही, एक म्हातारे शिक्षक भेटतात. उरलेल्या वस्तू संपल्यावर काय, असा त्यांचा प्रश्न आहे: साधी वस्तूसुद्धा मुळापासून कशी करायची, हे आता पुन्हा शिकावं लागेल. त्या एका संवादावर मालिकेची तीन पर्वं उभी आहेत. तिथली माणसं शेतावर जातात, नांगर धरतात, मेंढ्या पाळतात. ती मोठ्यांची गोष्ट आहे. त्यांना जुनं जग नीट आठवतं आणि ते आठवून आठवून परत उभं करायचं असतं.

‘द ट्राइब’मधल्या मुलांना जुनं जग अर्धवटच आठवतं, आणि माझ्या मते या मालिकेचं खरं सामर्थ्य त्या अर्धवटपणात आहे. लग्न म्हणजे काय हे त्यांना ठाऊक आहे, पण लग्न कोण लावतं आणि का, हे ठाऊक नाही. झँड्रा नावाची मुलगी दांडगट लेक्सला बजावते की लग्न झाल्याशिवाय जवळ यायचं नाही. कायदा नाही, चर्च नाही, आईबाप नाहीत, शेजारी काय म्हणतील ही भीती नाही. तरी तिला लग्न हवंय. प्रेक्षक हसतो, आणि मग लक्षात येतं की ती जवळ बाळगण्यासारखी एक वस्तू धरून बसली आहे, जशी दुसरी एखादी मुलगी आईचा स्वेटर धरून बसेल. मुलं इथे नवा समाज शोधून काढत नाहीत. मोठ्यांच्या घरात दाराआडून जे दिसलं, जेवताना जे कानावर पडलं, त्याची ती नक्कल करतात. नक्कल चुकते, आणि चुकलेल्या जागी काहीतरी नवं निघतं.

अशा गोष्टींची तुलना नेहमी विल्यम गोल्डिंगच्या १९५४च्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’शी होते. करावीच लागते. पण एक फरक पुरेसा बोलला जात नाही. गोल्डिंगच्या बेटावर मुलगी नाही. एकही नाही. त्यामुळे बाळ जन्मण्याचा प्रश्न नाही, रात्री उठून त्याला कोण घेईल हा प्रश्न नाही, आणि राज्य कुणाचं हा एकच प्रश्न उरतो. शंख कुणाच्या हातात आणि भाला कुणाच्या, यावर सगळं नाटक चालतं. ‘द ट्राइब’ सुरू होऊन फार वेळ झालेला नसतो, आणि ब्रे नावाचा मुलगा ट्रुडी या गरोदर मुलीला घेऊन मॉलच्या दाराशी येतो. ट्रुडीचं बाळंतपण करायला सुईण नाही, डॉक्टर नाही. वैद्यकीची थोडीफार जाण असलेला डॅल आहे. (हे काम अश्वत सुंदरेशन या मुलानं केलंय, नाव वाचून आपल्याकडच्या प्रेक्षकाची मान जरा ताठ होते, हे कबूल.) मुलगी होते, तिचं नाव ब्रेडी. आणि इथून पुढे मॉलमधला प्रत्येक वाद, म्हणजे पाणी किती, पहारा कुणाचा, बाहेर जायचं की थांबायचं, हा त्या बाळाला धरून होतो.

मला ही मालिका त्यामुळे साहसकथेपेक्षा संसारकथा वाटते. भांडी कोण घासणार यावर तिच्यात खरीखुरी भांडणं होतात. लेक्ससारखी पोरं लढायला तयार, झाडू मारायला नाही. अँबर कामांची वाटणी करते तेव्हा तिच्यावर सगळे वैतागतात, आणि नेता म्हणून तिची किंमत तिथेच कळते. जॅक हा चष्मिस खटपट्या बॅटऱ्या, तारा, पाणी गाळायच्या जुगाडात गुंतलेला. केसी हा चिमुकला व्यापारी, कुठल्याही टंचाईत नफा बघणारा. आणि सलीन. सलीन ही लहानग्यांना सांभाळणारी, सगळ्यांची आई झालेली मुलगी. ती चोरून खाते आणि चोरून उलटी करते. बाहेर अन्नाच्या डब्यासाठी पोरं एकमेकांचा जीव घेताहेत आणि आत एक मुलगी पोटातलं अन्न बाहेर काढते आहे. जुन्या जगाच्या आरशानं तिच्या मनात पेरलेली शरीराची लाज विषाणूनं मेली नाही. मुलांसाठीच्या मालिकेत १९९९ साली कुणीतरी हे लिहिलं, याचं मला अजून नवल वाटतं.

चित्रपटाला हे जमलं नसतं. दोन तासांत जग वाचवायचं असलं की भांडी घासायला वेळ कुठला? २६० भागांत मात्र कंटाळ्यालाही जागा असते. एकाच मॉलच्या त्याच जिन्यावर तीच पोरं महिनोन् महिने बसलेली बघताना आपल्याला त्यांचा कंटाळा लागतो, आणि मग ती मूर्खपणा का करतात हे समजायला लागतं.

मोठ्यांशिवाय मुलं एकत्र कशी राहतात, याचा खऱ्या आयुष्यातला एक दाखला आहे आणि तो पॅसिफिकमधलाच आहे. १९६५मध्ये टोंगाची सहा शाळकरी मुलं नुकुअलोफातल्या आपल्या निवासी शाळेला कंटाळून एक होडी घेऊन पळाली, वादळात सापडली आणि ‘अता’ नावाच्या निर्मनुष्य बेटाला लागली. पंधरा महिन्यांनी, सप्टेंबर १९६६मध्ये, पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन दर्यावर्दीला ती सापडली तेव्हा सहाही जिवंत होती. त्यांनी जोड्या करून कामं वाटून घेतली होती, बाग लावली होती, पेटवलेला विस्तव विझू दिला नव्हता, एकाचा मोडलेला पाय बांधून बरा केला होता. भांडण झालं की दोघांना दोन दिशांना पाठवायचं, असा त्यांचा रिवाज होता. गोल्डिंगला खोटं पाडायला हा दाखला हल्ली फार वापरतात. मला त्याचा उपयोग तेवढ्यासाठी नाही. सहा मुलं एका शाळेतली, एका धर्माची, एका भाषेची होती आणि झाडावर चढणं, मासे मारणं त्यांना घरून येत होतं. मॉलमधल्या पोरांना डबा उघडता येतो. डबा संपला की काय, हा ‘सर्व्हायव्हर्स’मधल्या त्या म्हाताऱ्या मास्तरांचा प्रश्न त्यांना कुणी विचारलेलाच नाही.

मोठी माणसं मरतात आणि मुलं राहतात, ही कल्पना ओढूनताणून आणलेली वाटते. न्यूझीलंडसाठी ती तितकी ओढूनताणून नाही. १९१८चा इन्फ्लुएंझा म्हातारे आणि तान्ही मुलं यांच्याबरोबर वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट माणसांना विशेष लागला. कर्ते गेले, घरात पोरं उरली. आपल्याकडे त्या तापानं एक कोटीहून जास्त माणसं नेली. न्यूझीलंडसारख्या छोट्या देशात दोन महिन्यांत सुमारे ९,००० गेली, आणि माओरी लोकांत मरण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या कित्येक पट होतं. सर्वांत भीषण प्रकार सामोआत झाला. पश्चिम सामोआचा कारभार तेव्हा न्यूझीलंडच्या लष्कराकडे होता. ऑकलंडहून निघालेलं ‘तालुने’ नावाचं जहाज ७ नोव्हेंबर १९१८ला एपिया बंदराला लागलं. जहाजावर आजारी माणसं होती, तरी उतरू दिलं. पुढच्या काही आठवड्यांत सुमारे ८,५०० माणसं मेली, म्हणजे तिथल्या दर पाचांतल्या एकाहून अधिक. त्यांत मुलांपेक्षा मोठ्यांचं प्रमाण जास्त. शेजारच्या अमेरिकन सामोआनं जहाजं अडवली आणि तिथे एकही मृत्यू झाला नाही. हेलन क्लार्क या पंतप्रधानांनी सामोआची जाहीर माफी मागितली ती जून २००२मध्ये. ‘द ट्राइब’ तेव्हा चालू होती.

हा इतिहास लेखकांच्या डोक्यात होता असा माझा दावा नाही. मालिकेत त्याचा मागमूस नाही, आणि हीच माझी तिच्याबद्दलची मोठी तक्रार आहे. तिच्या शहराला नाव नाही. देशोदेशी विकायची म्हणून ते कुठलंही शहर असावं, अशी योजना. पण मुलांचे उच्चार न्यूझीलंडचे आहेत, टेकड्या आणि समुद्र वेलिंग्टनचे आहेत. ज्या देशात खऱ्या जमाती आहेत, त्यांची वंशावळ तोंडपाठ म्हटली जाते आणि चेहऱ्यावरच्या गोंदणाला कुळाचा अर्थ असतो, त्या देशात उभं राहून ‘ट्राइब’ नावाची मालिका करायची, सगळ्यांची तोंडं रंगवायची, आणि त्या खऱ्या लोकांबद्दल जवळजवळ काही बोलायचं नाही. रंग छान दिसतात. वेशभूषा तर अशी की आजही त्या टोळ्यांसारखे सजणारे चाहते आहेत. तरी ही वाट चुकलीच.

आता झूटबद्दल. मालिका पाहायला घेतलेल्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडावेत असं सांगायचा रिवाज आहे. पण प्रस्तावनेला झूटला वगळून पुढे जाता येत नाही.

झूट हा लोको टोळीचा म्होरक्या, पोलिसांच्या गाडीवरचा तो पोरगा. खरं नाव मार्टिन. सत्ता आणि अनागोंदी, हा त्याचा पुकारा. तो ब्रेचा सख्खा धाकटा भाऊ आहे आणि ट्रुडीच्या बाळाचा बाप आहे, हे हळूहळू कळतं. ब्रे त्याला मुलगी दाखवायला मॉलमध्ये आणतो. क्षणभर मार्टिन दिसतो. तेवढ्यात लेक्स त्याच्यावर धावतो, झटापट होते आणि झूट कठड्यावरून खाली पडून मरतो. पहिल्या पर्वाच्या सुरुवातीच्या टप्प्यातच मुख्य खलनायक असा गेला. टीव्हीच्या हिशेबानं ही उधळपट्टी. पण लेखकांनी ती पुंजी पुरून ठेवली होती. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस ‘चोझन’ नावाची टोळी उगवते. त्यांचा देव झूट. गार्डियन हा त्यांचा पुजारी. त्यांच्या लेखी ट्रुडी ही जगन्माता आणि बाळ ब्रेडी दैवी. ते ट्रुडीला पळवतात, तिचं मन वळवतात, आणि तिसऱ्या पर्वात तीच आपल्या जुन्या सवंगड्यांसमोर देवीच्या थाटात येते.

त्या काळात जगलेल्या प्रत्येकानं झूटला पाहिलेलं आहे. तो कसा होता ते सगळ्यांना माहीत आहे. तरी त्याचा देव होतो. परक्या समीक्षकाला हे अतिरंजित वाटेल. आपल्याला वाटू नये. साथीचा रोग आला की गावाच्या वेशीबाहेर मरीआईचं ठाणं बसवणारी ही आपली भूमी आहे. जिनं पोरंबाळं नेली तिलाच नारळ, तिलाच साडीचोळी, तिच्याच नावानं पोतराज अंगावर आसूड ओढून घेणार. ज्याची भीती वाटते त्याला शेंदूर फासला की त्याच्याशी बोलता येतं, देवघेव करता येते. चोझन हे शेंदूर फासायला विसरत नाहीत. फरक इतकाच की मरीआई गावाकडून नैवेद्य मागते, गार्डियनला गावच हवं असतं. डेमन अँड्र्यूज या नटानं गार्डियन ज्या थंडपणे केलाय, त्याला तोड नाही. तिसरं पर्व हे माझ्या लेखी या मालिकेचं शिखर.

दुसरं पर्व त्यामानानं गुंतागुंतीचं. वयात आलेल्या मुलांनाही विषाणू गाठणार, या धास्तीतून औषधाचा शोध सुरू होतो. औषध सापडतं, मग ते कुणाला किती द्यायचं, मोबदल्यात काय घ्यायचं, याचा बाजार उभा राहतो. डॅनी नावाची मुलगी हक्कांची सनद लिहायला बसते. तिच्या बापाचा त्या विषाणूच्या संशोधनात हात होता, ही गोष्ट तिनं लपवून ठेवलेली आहे. बापाच्या पापाची भरपाई म्हणून कायदा लिहिणारी मुलगी! कल्पना अव्वल आहे, हाताळणी मात्र घाईची. सनदेवर वाद व्हायला हवा होता तिथे प्रेमाचे त्रिकोण येतात. या मालिकेत त्रिकोण फार आहेत. मोजायचा प्रयत्न मी केला आणि सोडून दिला.

एबनीबद्दल एक वाक्य लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. मेरिल कॅसीनं केलेली ही मुलगी झूटनंतर लोकोंची राणी होते, मग मॉलवाल्यांची दोस्त, मग शहराची प्रमुख, मग टेक्नोंच्या म्होरक्याची बायको. राजवट कुठलीही असो, ती खुर्चीपासून दोन हातांच्या अंतरावर उभी. असं पात्र ओळखायला मराठी प्रेक्षकाला सबटायटल लागत नाही.

चौथ्या पर्वात विमानांतून टेक्नो उतरतात. त्यांचा नेता रॅम, आणि एबनीच्या बहिणी जावा व शिवा. नावं वाचून दचकू नका, लेखकांच्या डोळ्यांसमोर संगणक असावा. आभासी खेळात मुलांना अडकवून शहर ताब्यात ठेवायचं, असा त्यांचा बेत. आज फोनमध्ये मान घालून बसलेली पोरं बघताना तो बेत दूरदर्शी म्हणावा लागेल. बघायला मात्र ते पर्व कंटाळवाणं आहे. चकचकीत बंदुका आल्या आणि भांडी घासणं मागे पडलं.

पुढे याच बीजावर बऱ्याच मालिका आल्या. अमेरिकेतली ‘जेरेमाया’ (२००२ ते २००४) हेर्मान या बेल्जियन चित्रकाराच्या चित्रकथेवर बेतलेली. तिथे मुलं मोठी होऊन तरुण झाली आहेत, साथीला पंधरा वर्षं उलटली आहेत. निकोलो अम्मानिती यांची सिसिलीतली ‘अ‍ॅना’ २०२१ची. तिचं चित्रीकरण सुरू झाल्यावर काही महिन्यांनी खरीच साथ आली. तिच्यात मरणारी आई मुलांसाठी एक वही लिहून ठेवते: ताप आला तर काय करायचं, काय खायचं, भावाला वाचायला कसं शिकवायचं. ‘स्टेशन इलेव्हन’ (२०२१-२२) मध्ये लहानपणी साथीतून वाचलेली कर्स्टन मोठी होऊन शेक्सपिअरची नाटकं करत गावोगाव हिंडते. कलाकृती म्हणून या तिघींपैकी शेवटच्या दोन ‘द ट्राइब’पेक्षा कितीतरी सरस आहेत, हे निःसंकोच सांगतो. पण अ‍ॅनाकडे आईची वही आहे, कर्स्टनकडे शेक्सपिअर आहे. मॉलमधल्या पोरांसाठी कुणीही काही लिहून ठेवलेलं नाही, आणि मला पुन्हा पुन्हा त्यांच्याकडेच जावंसं वाटतं.

पाचवं पर्व अर्धवट संपतं. शहरात पुन्हा विषाणूची भीती उभी राहते आणि वाचलेली मुलं एका बोटीत चढून निघून जातात. कुठे, ते ठरलेलं नाही. सहावं पर्व झालंच नाही. बोट बंदर सोडते ते दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ‘तालुने’ची माहिती मला नव्हती. नंतर पाहिलं तेव्हा एकच प्रश्न डोक्यात राहिला: ही मुलं ज्या किनाऱ्याला लागतील तिथे कुणी असेल का, आणि असलं तर ते यांना उतरू देईल का? मालिकेला हा प्रश्न पडलेला दिसत नाही. मुलं फक्त मागे वळून शहराकडे बघतात.

पुढच्या प्रकरणांची रचना पर्वांच्या क्रमानं नाही. पाणी, बाळ, लग्न, बाजार, देव, बंदूक अशी ती रचली आहेत, त्यामुळे कुठलंही प्रकरण आधी वाचलं तरी चालेल. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी पहिलं आणि तिसरं पर्व जरूर पाहावं. दुसरं सवडीनं पाहावं आणि चौथं गाळलं तरी बिघडत नाही. पहिलं पाहताना पॉल या मुलाकडे लक्ष ठेवावं. तो बहिरा आहे, हातांनी बोलतो. पॅटसी ही त्याची बहीण आणि बॉब नावाचा कुत्रा त्याच्या सोबत असतात. मालिका सुरू होऊन थोडेच भाग झालेले असताना तो हरवतो. त्याचं काय झालं, ते उरलेल्या कुठल्याच भागात कळत नाही.